सागाचें बीं

मुंबईच्या गोदींत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनीं बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ सालीं पाण्यांत उतरली. ती मलबारी सागाची होती. अशा जहाजांसाठीं इतकी तोड झाली कीं, मलबारचीं जंगलें उघडीं पडूं लागलीं. म्हणून तेथील कलेक्टर कॉनोली यांनीं १८४० नंतरच्या दशकांत नीलंबूर येथें सागाची लागवड आरंभिली व चातू मेनन या अधिकाऱ्याकडे तें काम सोंपविलें. पहिली अडचण आली ती बियांची. सागाच्या फळाचा गाभा अत्यंत टणक. आंत चार कप्पे, परंतु बहुधा एका-दोहोंतच बीं भरतें आणि पुष्कळ फळें पोकळ निघतात. बीं उगवेना. अनेक खटपटींनंतर रोपें हातीं आलीं आणि नीलंबूरची लागवड उभी राहिली.

पुढें शंभरांहून अधिक वर्षें बहुतेक बीं जेथें सांपडेल तेथून वेंचण्यांत येई. तें सरळ झाडाचें कीं वांकड्याचें, हें कोण पाहणार? ही उणीव दूर करण्यासाठीं १९६० नंतर आपल्या देशांत सागाचीं बीजोद्यानें घालण्यांत आलीं. जंगलांतील उत्तम झाडें निवडावीं, त्यांचीं कलमें करावीं आणि निरनिराळ्या झाडांचीं कलमें एकत्र मिसळून लावावीं, म्हणजे त्यांच्या संकरांतून उत्तम बीं मिळेल, अशी ही योजना होती.

परंतु बियांचें उत्पन्न फारच थोडें आलें. साग पावसाळ्यांत फुलतो आणि त्याचें फूल एकच दिवस टिकतें. पराग वाहून नेण्याचें काम कीटकांचें. झड लागली कीं ते फिरकत नाहींत. स्वतःच्या परागानें सागास फळ क्वचितच धरतें. तेव्हां शेजारचें परकें झाड त्याच वेळीं फुललें पाहिजे. दूरदूरच्या वनांतून आणलेलीं कलमें मात्र आपापल्या वेळीं फुलत. एकाचा बहर ओसरे, तेव्हां दुसऱ्याचा आरंभ होई. फुलें हजारों, फळें मोजकीं!

याहून खोल कारण खुद्द निवडींतच होतें. सागाच्या शेंड्याचाच फुलोरा होतो. तो आला कीं सरळ वाढ थांबून खोडास फांटे फुटतात. म्हणजे ज्याचें खोड लांब व सरळ, तो साग उशीरा फुलणारा. लांकडाच्या दृष्टीनें जो गुण, तोच बियांच्या दृष्टीनें दोष ठरला.

यावरून वनशास्त्रज्ञ पुढील धडे शिकले. बीजोद्यानाची जागा ऊन, उघडीप आणि कीटक पाहून ठरवावी. एकाच वेळीं फुलणारीं कलमें जवळ लावावीं. झाडांचे माथे मोकळे वाढतील इतकें अंतर ठेवावें. आणि बीजोद्यानें पुरीं पडत नाहींत तोंवर चांगल्या जुन्या वनांतील निकृष्ट झाडें काढून उरलेल्यांचें बीं घ्यावें. साग पिकण्यास कित्येक दशकें लागतात. आजोबांनीं पेरलेल्या वाईट बियांचें फळ नातवाच्या पदरीं पडतें आणि तोंवर चूक सुधारण्याची वेळ निघून गेलेली असते.