स्मारकज्योत

मृतांच्या स्मरणार्थ सार्वजनिक जागी अखंड तेवत ठेवलेला अग्नी. महाराष्ट्राला अखंड अग्नी जुनाच परिचित आहे: देवघरातला नंदादीप, शिर्डीच्या द्वारकामाईतली धुनी, पारशी अग्यारीतला आतश. तिथे तो उपासनेसाठी राखतात. स्मारकज्योत माणसांच्या नावे जळते.

आजचा प्रघात पॅरिसमधून आला. आर्क द त्रियोंफखाली अज्ञात सैनिकाच्या थडग्यावर ११ नोव्हेंबर १९२३ रोजी ज्योत पेटली. तिचा धातूचा साज एद्गार ब्रांत या लोहकलावंताने घडवला. हिरोशिमाची शांतिज्योत (१९६४) जगातले शेवटचे अण्वस्त्र नष्ट होईपर्यंतच तेवायची आहे; विझावी म्हणूनच पेटवलेली ही बहुधा सर्वांत हृद्य ज्योत. दिल्लीत इंडिया गेटखाली २६ जानेवारी १९७२ पासून अमर जवान ज्योत होती. २१ जानेवारी २०२२ रोजी ती राष्ट्रीय युद्धस्मारकातील ज्योतीत विलीन झाली. मुंबईच्या हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची मशाल शिल्पातल्या शेतकरी-कामगाराच्या हाती आहे.

पुण्यात या विषयाचा धागा येरवड्याच्या आगाखान पॅलेसशी जुळतो. 'छोडो भारत'च्या ठरावानंतर गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना येथेच स्थानबद्ध केले होते. १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाई गेले. त्यांना अग्नी गांधीजींनी दिला. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्याच आवारात देवदास गांधींनी चितेला अग्नी दिला आणि चिता शांत होत आली तरी गांधीजी तिथून हलले नाहीत. बांच्या हातातल्या काचेच्या पाच बांगड्या पुढे राखेत शाबूत सापडल्या, असे तेव्हाच्या आठवणींत नोंदले आहे.

समाधिस्थळाची रचना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९६० च्या दशकात केली. दिल्लीच्या राजघाटावर वानू भुता यांनी काळ्या संगमरवरी चौथऱ्याशी ज्योत योजली. येरवड्यात कोरियांचा भर भिंतींमधून समाधीकडे नेणाऱ्या वाटेवर आहे. चितेचा अग्नी ज्या भूमीने खरोखर पाहिला, तिथे हा संयम अधिक बोलका वाटतो.

१९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू राष्ट्राला दिली. स्मारककलेच्या अभ्यासकाने राजघाट पाहिल्यावर नगर रस्त्यावरच्या या आवारातही आवर्जून यावे.