कट्टा, कडप्पा आणि आमसूल

बेळगाव-निपाणी भागात स्वयंपाकघरातल्या ओट्याला ‘कट्टा’ म्हणतात. शेजारच्या कन्नड घरात तोच ‘कट्टे’. १९५६ साली मुंबई राज्यातला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, त्याचा वाद अजून मिटलेला नाही. पण कट्ट्याची वाटणी काही कुणाला करता आली नाही.

या कट्ट्याचे वय तसे फार नाही. आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांसारखीच तिकडेही चूल जमिनीलगत. बाईने पाटावर बसायचे, फुंकणीने फुंकायचे आणि डोळे पुसत भाकऱ्या थापायच्या. मुंबईत १९५५ साली घरगुती गॅस आला, लहान गावांत तो पोचायला पुढे बरीच वर्षे गेली. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंच ठेवावी लागते. शेगडी वर गेली आणि तिच्याबरोबर बाईही उभी राहिली.

कट्ट्यावर पहिल्यांदा आला तो काळा कडप्पा, नाहीतर शहाबादी फरशी. दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. चुन्याचे आणि आंबटाचे वैर आपल्याला नवे नाही. चिंच, लिंबू, आमसूल सांडले की कडप्प्यावर पांढुरका डाग पडतो. घासून जात नाही, कारण तिथला दगडच खाल्ला गेलेला असतो. म्हणून वर पांढऱ्या, चकचकीत टाइल्स आल्या. जॉन्सन कंपनी आपल्या देशात १९५८ साली सुरू झाली, त्यानंतर हळूहळू ही टाइल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पणजीतले आझुलेज भिंतीवर दिमाखात मिरवतात. ही टाइल बिचारी आमटीचे ओघळ झेलायला आलेली. तिला आंबटाची भीती नाही. तिचे दुखणे सांध्यांत. तिथल्या सिमेंटमध्ये तेल आणि हळद मुरते, आणि झुरळांना घर मिळते.

निपाणीच्या माझ्या मावसबहिणीकडे असाच कट्टा होता. गवंडी म्हणाला, सगळा पाडून नवा करू. मावशी ऐकेना. ‘तिशीपर्यंत धुरात बसले, हा कट्टा झाला तेव्हा उठले. पाडू नका,’ एवढेच ती म्हणाली. शेवटी बहिणीने आणि भाच्याने घरीच काम काढले. मी दोन दिवस तिथे होतो.

आधी सिलिंडर बाहेर नेला. मग नाण्याने एकेक टाइल वाजवून पाहिली. पोकळ बोलणारी पहिली काढायची. छिन्नी तिरपी धरून, हातोडीचे ठोके हलके. धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडत राहायचे, तोंडाला मास्क लावायचा. टाइलचा कपचा काचेसारखा कापतो, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. खालची लादी तडकलेली दिसली तर तिथेच थांबून गवंड्याला बोलवावे. टाइल्स घट्ट असतील तर काढूही नयेत. वरची चकाकी पॉलिश पेपरने घासून, टाइलसाठी मिळणाऱ्या चिकट मसाल्याने दुसरा थर बसवता येतो. नुसते सिमेंट गुळगुळीत टाइलला धरत नाही.

टाइल्सखाली अखंड कडप्पा निघाला. शेगडीच्या उजवीकडे वाटीएवढा पांढुरका डाग. मावशी म्हणाली, ‘इथं माझं आमसुलाचं भांडं असायचं.’

आता बहुतेक घरांत ग्रॅनाइट बसते. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचा लाल ग्रॅनाइट तर प्रसिद्धच आहे. त्याला आंबट बाधत नाही, सांधेही कमी. बहिणीनेही तोच घेतला, पण कडप्पा न काढता त्याच्यावर बसवला. कट्टा दोन बोटे उंच झाला, एवढेच.

आपल्या बायकांच्या उभे राहण्याची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार? ती अशा थरांत असते. तेव्हा तुमच्याकडे जुना ओटा काढायचा ठरलाच, तर घण घालण्याआधी घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या बाईला विचारा, हा कधी आणि कसा झाला. आणि ती काय सांगते ते लिहून ठेवा.