ओसरीवरचे गृहशास्त्र

पुण्याच्या जुन्या पेठांत वाडा बांधावयास काढणारा गृहस्थ सुताराला किंवा गवंड्याला बोलावण्यापूर्वी शेजारच्या ओसरीवर जाऊन बसत असे, आणि यात केवळ रीतिभात नव्हती. आपल्या आळीत खडक किती हातांवर लागतो, वैशाखात आडाला पाणी किती राहते, पावसाची झड कोणत्या भिंतीवर बसते आणि कोणत्या वखारीतले लाकूड वाळलेले मिळते, या गोष्टी त्या भूमीवर दोन पिढ्या संसार केलेल्या मनुष्यावाचून दुसऱ्या कोणालाही सांगता येण्यासारख्या नव्हत्या. आपल्याकडील गृहविषयक ज्ञानाचा इतिहास लिहू जाणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी, की हे ज्ञान स्थळाला बांधलेले होते; एका गावचा उत्तम सल्ला पाच कोसांवर निरुपयोगी, क्वचित घातकही ठरे, आणि म्हणूनच शेजारी हाच त्या शास्त्रातील अधिकारी पुरुष होता.

बांधकामाचेच उदाहरण घेऊ. पुण्याचा वाडा म्हणजे घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, दर्शनी भागी भाजक्या विटा आणि आतल्या भिंतींत बहुधा कच्च्या विटा व माती. ज्याला ऐपत होती तो चुना वापरी. कळीचा चुना विरवून, वाळूसह घाणीत घालून, बैल जुंपलेल्या दगडी चाकाखाली तो मळला जाई, आणि त्यात गुळाचे पाणी घालावे, हिरड्याचे घालावे की बेलफळाचा गर मिसळावा, याविषयी प्रत्येक ओसरीचे मत निराळे असे. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत होते: चुन्याला घाई चालत नाही. भिंत बांधून झाल्यावरही ती दिवसेंदिवस भिजवावी लागे. सह्याद्रीच्या खाली उतरले की हा सारा उपदेश बदले. कोकणात जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि वाऱ्या-उन्हात राहिल्यावर कठीण होतो, म्हणून चिरे आधी काढून ठेवावे आणि मग बांधकामास हात घालावा, हा तिकडचा पहिला धडा; तर पूर्वेला सोलापूर-मराठवाड्याच्या बाजूला माळवदावर गावच्या पांढरीची माती घालून ती पावसाळ्याआधी धुमसून घट्ट करावी, हा तिकडचा वार्षिक नेम. कौलारू मुलखातला मनुष्य जेव्हा मृगापूर्वी छप्परावर चढून कौले चाळीत असे, तेव्हा माळवदाच्या मुलखातला मनुष्य मातीची टोपली डोक्यावर घेऊन त्याच बेगमीला लागलेला असे. हेतू एकच, परंतु एकाने दुसऱ्याचा सल्ला ऐकला असता तर दोघांचीही घरे गळली असती.

हा शेजारधर्म नुसत्या प्रेमावर चालला होता असे मानणे मात्र भाबडेपणाचे होईल. पेठेतील दोन वाड्यांची भिंत पुष्कळदा सामाईक असे, आणि आपल्या वळचणीचे पाणी दुसऱ्याच्या अंगणात पडावे की न पडावे हा प्रश्न जुन्या वहिवाटीवर सुटत असे. पुढे 1882 च्या सुविधाधिकाराच्या कायद्याने असल्या हक्कांना लेखी रूप दिले आणि 1891 साली तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला, तेव्हा ओसरीवरची पुष्कळ प्रकरणे दिवाणी न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेली. तरीही माझे मत असे, की सामाईक भिंतीने तंटे निर्माण केले त्याहून अधिक सल्ला निर्माण केला. कारण शेजाऱ्याच्या पन्हळीची दुरुस्ती ही आपल्याही भिंतीची दुरुस्ती असल्यामुळे, ती कशी करावी हे त्याला सांगण्यात आपलाही लाभ होता.

आपल्या हवेत घर तापवण्याची गरज फारशी पडत नाही. तापवायचे ते पाणी. त्यासाठी कसब्यातील तांबट आळीत घडलेला तांब्याचा बंब घरोघर असे: बाहेर पाण्याचे नळकांडे, मध्ये विस्तवाची नळी, खाली जाळी आणि कडेला तोटी. बंब रिकामा पेटवू नये, नाही तर डाख सुटतो, ही ताकीद नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात मिळत असे. इंधन ज्या त्या मुलखाचे: देशावर गोवऱ्या आणि चिपाडे, कोकणात करवंट्या आणि सोडणे. लाकूड महागल्यावर भुश्याच्या शेगडीची युक्ती घरोघर पसरली. शेगडीच्या मध्यभागी बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची, म्हणजे मधल्या पोकळीतून ज्वाला सावकाश आणि सारखी जळत राहते. ही कोणाची कल्पना हे कोणत्याही दप्तरात नमूद नाही. ती एका स्वयंपाकघरातून दुसऱ्या स्वयंपाकघरात गेली, एवढाच तिचा इतिहास.

धुण्याचे शास्त्र तर सर्वस्वी पाण्यावर अवलंबून होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळाने शहरातील हौदांत आणलेले पाणी आणि वाड्यातील आडाचे पाणी यांत गृहिणी काटेकोर भेद करीत, कारण जड पाण्यात डाळ शिजत नाही तसा साबणही फेस धरत नाही. रिठ्याला मात्र जड पाण्याचा अडथळा होत नाही, हे रसायनशास्त्राची ओळख नसलेल्या बायकांना अनुभवाने पक्के ठाऊक होते. म्हणून सोवळ्याचा मुकटा आणि भरजरी लुगडी रिठ्याच्या पाण्यात धुवावी, पिळू नयेत आणि सावलीत वाळवावी, असा दंडक पडला. हळदीच्या डागाला साबण लावला तर तो लाल होतो, तो नुसत्या पाण्याने धुऊन उन्हात टाकावा म्हणजे आपोआप उडतो. नव्या लुगड्याचे पहिले धुणे मिठाच्या पाण्यात काढावे. खळ करताना तांदळाची पेज गाळून घ्यावी. अशी शेकडो सूत्रे आडाच्या काठावर तोंडपाठ होत. मोठे धुणे परटाकडे जाई. बलुतेदारांत मोडणारा हा कारागीर भट्टीत कपडे वाफवी आणि कोणाचा कपडा कोणता हे ओळखण्यासाठी बिब्ब्याच्या रसाने खूण करून तिच्यावर चुना लावी. ती खूण कपडा फाटेपर्यंत जात नसे. परीट घरोघरी हिंडत असल्यामुळे एका वाड्यातील युक्ती दुसऱ्या वाड्यात पोहोचवण्याचे कामही त्याच्याकडे आपसूक आले होते, आणि या परंपरेत त्याचा उल्लेख आजवर झाला त्याहून अधिक आदराने व्हावयास हवा.

मोरीतून निघालेले पाणी परसात जाई. त्यावर अळू आणि केळी वाढत. बंबाची राख काही भांड्यांना लागे, उरलेली भाजीवर मावा पडला की पानांवर शिंपडली जाई. परसबाग ही निराळी हौस नव्हती. न्हाणी, चूल आणि धुणे यांच्या शेषावर ती जगत होती, आणि म्हणूनच बागेविषयी विचारावयास आलेल्या शेजारणीला उत्तर देताना तुमच्याकडे साबण वापरता की रिठे, हे आधी विचारावे लागे. सोड्याचे पाणी कोवळ्या रोपांना सोसत नाही.

शेजारच्या सल्ल्याची ही व्यवस्था कोणी मोडली नाही. सर्वत्र सारख्याच असणाऱ्या वस्तूंनी ती हळूहळू अनावश्यक केली. 1865 साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि कुंभाराच्या नळीच्या कौलांची जागा एका साच्यातील कौले घेऊ लागली. 1888 साली कलकत्त्यास सनलाइट साबण उतरला. 1914 च्या सुमारास पोरबंदरला सिमेंट निघू लागले, आणि ज्या मिश्रणाला ना गूळ लागतो ना हिरडा, त्याविषयी आजोबांना विचारण्याचे कारणच उरले नाही. 1896-97 च्या प्लेगनंतर दाट वस्तीची धास्ती घेतलेली मध्यम वर्गातील कुटुंबे गावाबाहेर मोकळ्या जागेत बंगले बांधण्याचा विचार करू लागली. तेथे सामाईक भिंत नव्हती, आणि शेजारीही त्या जमिनीवर आपल्याइतकाच नवा होता. तेव्हा सल्ला छापला जाऊ लागला. 'किर्लोस्कर' मासिक 1920 साली आणि 'स्त्री' 1930 साली निघाले. 1939 साली पुण्याचे अभियंते र. श्री. देशपांडे यांचे भारतीय हवामानास योग्य अशा घरांच्या नकाशांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. या लेखनाचा उपकार मोठा आहे. न्हाणीघराला खिडकी असावी आणि स्वयंपाकघरात धूर कोंडू नये, हे ओसरीने शतकानुशतके सांगितले नव्हते, ते छापील पुस्तकाने सांगितले. मात्र छापील पानाला वाचणाऱ्याच्या आडाचे पाणी जड आहे की गोडे, हे कळण्याची सोय नव्हती.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले, आणि मुठा नदीचे पाणी शनिवार, नारायण, कसबा या पेठांत शिरले. वाड्यांच्या भिंती पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. वरून पडणारे पाणी पागोळ्यांतून दूर टाकण्याची विद्या त्यांच्याजवळ होती, परंतु तासन् तास तुंबलेल्या पाण्यात उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधीच आला नव्हता. आतली माती विरघळली, कच्च्या विटा सुटल्या आणि एकामागून एक वाडे बसले. जोती तेवढी पुष्कळ ठिकाणी शाबूत राहिली. ज्यांची घरे गेली त्यांतील अनेकांना गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहतींत जागा मिळाल्या. निरनिराळ्या पेठांतून आलेली, एकमेकांना अनोळखी अशी ही कुटुंबे टेकडीच्या पायथ्याच्या मुरमाड जमिनीवर राहावयास गेली तेव्हा त्या जमिनीचा अनुभव त्यांच्यापैकी एकालाही नव्हता, आणि मुरमात अळू धरते की नाही, नळाचे पाणी किती वाजता येते, छपरातून पाणी कोठे झिरपते, हे त्यांना एकमेकांच्या दारात उभे राहून पुन्हा पहिल्यापासून विचारावे लागले.