भुसा, बंब आणि आक्काचं पोतं

आमच्या परड्यात न्हाणीला लागून एक तांब्याचा बंब आहे. १९८१ साली बटाटा बरा पिकला, दरही बरा लागला, तेव्हा आप्पांनी तो साताऱ्याहून आणला. त्याच्या बुडाला दोन ठिकाणी डाख लावलेला दिसेल. एक आप्पांच्या हयातीतला, दुसरा माझ्या हातून झालेल्या चुकीचा. ती चूक सांगायची तर आधी भुशाचं सांगायला पाहिजे, आणि भुशाचं सांगायचं तर बहात्तरच्या दुष्काळापासून सुरुवात करायला पाहिजे.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. पाऊस बेताचा. माझ्या लहानपणी जळण विकत आणतात हे गावात कुणाला पटलं नसतं. विकत यायचं ते दिव्याचं रॉकेल. बाकी चूल चालायची ती शेणी, तुराट्या, करडईचा काड आणि बाभळीच्या वाळक्या काटक्यांवर. गडीमाणसं वर्षातून एकदा बाभूळ तोडायची आणि वर्षभर ते काम सांगायची. रोजचं जळण बायका आणि पोरी आणायच्या. त्याला काम म्हणायची पद्धत नव्हती.

१९७२ ला पावसानं दगा दिला. त्याच्या आदल्या सालीही तो बरा नव्हताच. बहात्तरच्या दुष्काळावर पुष्कळ लिहून झालंय. खडी फोडायची कामं, सुकडी, परदेशातून आलेला लाल मिलो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जळणाचं कुणी फारसं लिहीत नाही. पीक नाही म्हणजे तुराट्या नाहीत, काड नाही. कडबा नाही म्हणून गुरं विकली, आणि गुरं गेली तशा शेणीही गेल्या. बाभळीचा पाला शेळ्यांना घालून घालून झाडं बोडकी झाली. रेशनचा मिलो घरात आला तरी त्याची भाकरी भाजायला जाळ लागतोच. तो कुठून आणायचा?

मी तेव्हा बारा वर्षांचा, सहावीत होतो. आक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, सातवीत. गावापासून दोन कोसांवर रस्त्याच्या कडेला लाकडाची वखार होती. तिथं करवतीचं यंत्र चालायचं आणि मागच्या बाजूला भुशाचा डोंगर साचायचा. मालकाला तो डोंगर म्हणजे डोक्याला ताप. कधी पेटायचा, कधी पावसात कुजायचा. कुणी नेला तर बरंच. आमच्या आळीतल्या बायकांना हे कळलं आणि पोती घेऊन वाट सुरू झाली. आई खडीवर जायची, आप्पाही जायचे. मग पोतं आलं आक्काच्या डोक्यावर.

भुशाला वजन कमी, पण फुगवटा फार. पोतं डोक्यावर घेतलं की वाऱ्यानं माणूस हेलपाटतो. डोळ्यात, केसात, पोलक्यात भुसा. एक पोतं दोन-तीन दिवस पुरायचं, म्हणून तिसऱ्या दिवशी फेरी ठरलेली. जाऊन-येऊन चार कोस. सकाळी निघाली की दुपार व्हायची. आधी आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडाली, मग तीन. मग गुरुजींनी हजेरीतून नाव काढलं. आक्काला शाळा सोड असं घरात कुणीही म्हणालं नाही. नुसतं पोतं तिच्या डोक्यावर राहिलं.

भुसा चुलीत घातला तर जळत नाही. नुसता धुमसतो आणि जाळ दडपतो. त्यासाठी भुशाची शेगडी लागते. आता ती दिसत नाही म्हणून सांगतो. पत्र्याचा तेलाचा मोठा डबा घ्यायचा. वरचं झाकण कापून टाकायचं आणि खाली बुडाशी एका अंगाला मुठीएवढं भोक पाडायचं. त्या भोकातून एक गोल दांडा आडवा आत सरकवायचा आणि डब्याच्या मधोमध बाटली उभी धरायची. मग चहूबाजूंनी भुसा भरत भरत ठोकत जायचं. डबा भरला की बाटली हळूच फिरवून वर काढायची, दांडाही काढून घ्यायचा. आत एक नळी तयार होते. खालच्या भोकातून चिंधी पेटवून सारली की वारा खालून शिरतो, वर चढतो आणि भुसा आतल्या अंगानं जळत जातो. पुन्हा फुंकायचं नाही, सारायचं नाही. दोन-तीन तास शेगडी आपोआप चालते.

सगळी करामत ठोकण्यात होती. भुसा सैल राहिला तर मधली नळी ढासळते आणि शेगडी गुदमरते. आई मुसळाच्या बोथट टोकानं ठोकायची. आक्का घाई करायला लागली की म्हणायची, "आगं, दाब त्याला. दाबल्याबिगर भुशाचं लाकूड व्हत न्हाई."

दुसरा नियम, शेगडी परड्यातच पेटवायची. थंडी असो, पाऊस असो, घरात आणायची नाही. आईला कारण सांगता यायचं नाही, एवढंच म्हणायची की "तिच्या उबंला झोपलेलं माणूस उठत न्हाई." पुढं मला कळलं की धुमसणाऱ्या जळणातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला ना वास, ना रंग. कोंडलेल्या खोलीत तो माणसाला झोपेतच नेतो.

आईचं ते "दाबल्याबिगर" मी विसरलो नव्हतो. म्हणून पुढं ब्रिकेट पाहिली तेव्हा मला नवल वाटलं नाही.

ब्रिकेट म्हणजे दाबून लाकडासारखा केलेला भुसा. ही युक्ती आजची नाही. अमेरिकेत आयडाहो राज्यात लुइस्टन इथल्या लाकूड कंपनीनं १९३० च्या सुमाराला असे भुशाचे ओंडके करायचं यंत्र काढलं. कारण आमच्या वखारवाल्याचंच, साचलेल्या भुशाचं करायचं काय? त्या थंड मुलखात घराबाहेर अंगणात लाकडावरचे मोठे बॉयलर असतात. त्यात पाणी तापवून नळानं घरात फिरवतात आणि घर ऊबदार ठेवतात. आपला परड्यातला बंब म्हणजे त्याचाच धाकटा भाऊ.

आपल्याकडं ब्रिकेटचे कारखाने १९८० नंतर दिसायला लागले. १९७३ आणि १९७९ ला खनिज तेल एकदम महागलं, तेव्हा तेलावर बॉयलर चालवणारे कारखानदार दुसरं जळण शोधायला लागले. १९८७ ला केंद्र सरकारनं अपारंपरिक ऊर्जेला कर्ज देणारी इरेडा ही संस्था काढली. तिच्या कर्जातून ब्रिकेटचे कारखानेही उभे राहिले. भुसा, शेंगांची टरफलं, उसाचं चिपाड, पऱ्हाट्या, तुराट्या, जे मिळेल ते त्यात जायला लागलं. बाजारात त्याला पांढरा कोळसा नाव पडलं.

मी एकदा हा कारखाना आत जाऊन पाहिला. भुसा आधी वाळवतात. त्यात पाण्याचा अंश शंभरात दहाच्या आसपास लागतो. जास्त ओल राहिली तर दाबताना वाफ होऊन ओंडका फुटतो. मग पोलादी दट्ट्या मिनिटाला दोनशेवर ठोके देतो आणि भुसा नळकांड्यातून पुढं ढकलतो. गंमत अशी की त्यात डिंक नाही, खळ नाही, काहीच नाही. लाकडातच लिग्निन नावाचा पदार्थ असतो. दाबाच्या उष्णतेनं तो मऊ होतो आणि निवल्यावर पुन्हा घट्ट धरतो. सुट्या भुशापेक्षा ब्रिकेट चार-पाच पट दाट होते. तिथं उभं राहून मला आईचं मुसळ आठवत होतं.

आता चुकीचं सांगतो. २०११ च्या थंडीत पुतण्यानं कारखान्यातल्या तुटक्या ब्रिकेटी दोन पोती आणून टाकल्या. बंबाला मी तोवर लाकडाच्या ढलप्या आणि मक्याची बुरकुंडं घालत होतो. बंबाची रचना साधी असते. मधोमध नळकांडं, त्याच्या भोवती पाणी, खाली जाळी, वर धुराडं. जळण मधल्या नळकांड्यात आणि पाणी त्याच्या अंगाला. मी पहिल्या दिवशी आख्खा दांडका आत सोडला. तो मनगटापेक्षा जाड, नळकांड्यात बूच मारल्यासारखा बसला. वाराच बंद. परडंभर धूर. कारभारीण खोकत बाहेर आली आणि मला काय बोलली ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शहाणा झालो. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं तुकडे केले आणि ढलप्यांच्या अंदाजानं नळकांडं भरलं. इथंच चुकलो. ढलप्या पोकळ रचल्या जातात, त्यात अर्धी जागा वाऱ्याची. शिवाय त्यांच्यात ओल असते, काही जाळ ती ओल सुकवण्यात जातो. ब्रिकेट दाट आणि कोरडी. तेवढ्याच जागेत मी दुपटीनं जळण भरलं होतं. बंब पेटवून गोठ्यात धार काढायला गेलो. परत आलो तर पाणी खळाखळा उकळून निम्मं उडालं होतं. पाणी खाली गेलं की नळकांड्याच्या सांध्याला गारवा राहत नाही. डाख वितळला आणि उरलेलं पाणी विस्तवावर आलं. मोठा फुस्स आवाज झाला, राखेचे लोट उठले. नातू नुकताच न्हाणीतून बाहेर पडला होता. दोन मिनिटं आधी झालं असतं तर काय, हा विचार मी आजही लांबवर नेत नाही.

तांबटानं नवा डाख लावला आणि बजावलं, "एका वेळी तीनच तुकडं, आन् पाणी काठोकाठ." तेव्हापासून तेच करतो. आधी ढलप्यांवर विस्तव धरायचा, मग एक तुकडा, तो लाल झाला की दुसरा. असं केलं की धूर नावाला आणि राख चिमूटभर. जळण म्हणून ब्रिकेट चांगलीच आहे. तिच्यापायी बाभूळ तुटत नाही. मी तिच्या विरोधात नाही.

पण एक हिशेब राहून जातो. नव्वदीनंतर आमच्या वाटेवरच्या वखारीत भुशाचा डोंगर दिसेनासा झाला. ट्रक यायचा आणि भरून न्यायचा. कातकऱ्यांच्या, मजुरांच्या बायका पोतं घेऊन गेल्या की राखणदार हटकायचा. आधी फुकट, मग चार आण्याला पोतं, आणि शेवटी पैसे देऊनही नाही. टाकाऊ होतं तोवर ते गरिबाचं होतं. मोल आलं तशी त्याला मालकी आली. आता आमच्या तुराट्यांनाही गिऱ्हाईक येतं. २०२१ ला सरकारनं औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात शंभरामागं पाच भाग असं दाबलेलं जळण मिसळायला सांगितलं, तेव्हापासून मागणी आणखी वाढायची चिन्हं आहेत. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात हे खरं. पण बांधावरच्या तुराट्या वेचून चूल पेटवणाऱ्या बाईनं काय करायचं? २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅस घरोघर आला. तरी टाकी संपली की ती पुन्हा त्याच बांधावर येते. बांध मात्र आता साफ असतो.

पहिल्याच पावसाळ्यात उरलेल्या ब्रिकेटींचं पोतं गळक्या पत्र्याखाली भिजलं. उघडून बघतो तर दांडके फुगून सुटलेले. आक्का पंचमीला आली होती. तिनं ओंजळीत घेऊन नाकाला लावला आणि हसली. "बघ, परत भुसाच झाला की."

"हे आता सात रुपयं किलोनं मिळतं, आक्का," मी म्हणालो.

ती जरा वेळ गप्प राहिली. बोटांवर काहीतरी मोजत होती. दोन वर्षं, तिसऱ्या दिवशी एक पोतं. तिला आकडेमोड चांगली यायची, गुरुजी तेव्हाही म्हणायचे. आकडा किती झाला ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी पुढं दहावी झालो. ज्या उजेडात अभ्यास केला ते रॉकेल आप्पांनी आणलेलं, पण ज्या भाकरीवर केला ती आक्काच्या भुशावर भाजलेली. हे मी पन्नास वर्षं मनात धरून आहे. तिच्यासमोर अजून बोललेलो नाही. इथं लिहितोय. तिची नात वाचून दाखवील.

ओंजळीतला भुसा तिनं टाकला नाही. उन्हात पसरून ठेवला. मग पदराला हात पुसत बंबाकडं गेली आणि म्हणाली, "पेटवायच्या आधी पाणी हाय का बघ रं त्यात."