चौरंगी सामना आणि चवदार तळें

महाबळेश्वराच्या माथ्यावरून उतरलेली सावित्री पोलादपुराजवळून वाहत महाडास येते. पाऊस तर या खोऱ्यांत असा कोसळतो कीं पाण्याचें मोल माणसाला कळूं नये. त्याच महाडांत 20 मार्च 1927 रोजीं चवदार तळ्याचें ओंजळभर पाणी पिण्यासाठीं डॉक्टर आंबेडकरांना मोठ्या समुदायासह चालत जावें लागलें. ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्या अवघीं तीन-सव्वातीन वर्षें आधीं हाच तंटा मुंबईच्या मैदानावर एका अंतिम सामन्याच्या रूपानें लढला गेला होता, हें मात्र फारसें कोणाला आठवत नाहीं.

हरला तो बाद, ही सामन्यांची रीत इकडे इंग्रजांनीं आणली. मुंबईंत फुटबॉलच्या रोव्हर्स चषकाचे सामने 1891 पासून सुरू झाले. क्रिकेटमध्यें 1892 पासून युरोपियन व पारशी झुंजूं लागले; 1907 सालीं हिंदू आणि 1912 सालीं मुसलमान येऊन मिळाल्यावर त्यांस चौरंगी सामने म्हणूं लागले. संघ धर्मावरून पाडलेले होते. पण ज्याला हिंदूंचा संघ म्हणावयाचें, त्यांत सारे हिंदू खरोखर मावत होते काय?

पालवणकर बाळू हे चांभार जातीचे. पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत महिना चार रुपयांवर मैदान राखतांना ते साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकीत, आणि त्यांतून त्यांचा डावखुरा हात असा तयार झाला कीं पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांना बोलावणें भाग पडलें. मैदानावर एकच चेंडू साऱ्यांच्या हातून फिरे. चहाच्या वेळीं मात्र बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यांत! चामड्याच्या चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं शंभरावर गडी बाद केले, तरीहि हिंदू संघाचें कर्णधारपद त्यांच्या वांट्याला आलें नाहीं.

1920 सालीं त्यांना संघांतूनच वगळण्यांत आलें, तेव्हां शिवराम व विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधू जाहीर निषेध करून संघाबाहेर पडले. अंतिम सामन्यापूर्वीं तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. यापलीकडे निवडसमितीचें मन जाईना. विठ्ठल हे उत्तम फलंदाज. पण त्यांनाहि आणखी तीन वर्षें थांबावें लागलें.

1923 च्या ऑगस्टांत सीताराम केशव बोले यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले, आणि अंतिम सामन्यांत त्यांनीं युरोपियनांना हरविलें. लोकांनीं त्यांना खांद्यावर उचलून मिरविलें. त्या खांद्यांत उच्चवर्णीयांचेहि खांदे होते.

पुढच्याच महिन्यांत, जानेवारी 1924 मध्यें, महाडच्या नगरपालिकेनें बोल्यांच्या ठरावाला अनुसरून चवदार तळें सर्वांना खुलें केलें, अर्थात् कागदावर. तीन वर्षें त्या पाण्याला अस्पृश्याचा हात लागला नाहीं. मिरवणुकींतला खांदा देणें सोपें असतें. तो उत्साह सायंकाळपर्यंत टिकला तरी पुरतो. पाणवठा रोजचा असतो. 1927 च्या त्या दिवशीं पाणी पिऊन लोक मंडपांत परतले, तोंच हे आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी हूल उठली आणि परगांवच्या पाहुण्यांना जेवणाच्या पानावर मार खावा लागला. मागाहून तळें पंचगव्यानें शुद्ध केलें गेलें, आणि ऑगस्टांत नगरपालिकेनें स्वतःचाच ठराव रद्द केला.

तळ्याचा वाद न्यायालयांत दहा वर्षें चालला. 1937 च्या निवडणुकींत काँग्रेसनें मुंबईंत आंबेडकरांच्या विरुद्ध उभें केलें तें बाळू पालवणकरांनाच. दोन्ही माणसें अस्पृश्यतेचे घाव सोसलेलीं, पण वाटा भिन्न. बाळू पराभूत झाले. त्याच वर्षीं मार्चमध्यें मुंबईच्या हायकोर्टानें निकाल दिला, आणि चवदार तळ्याचें पाणी अस्पृश्यांना कायद्यानें मोकळें झालें.