इंजिनाचा दम

गाडी जुनी झाली आणि घाटात मागे पडू लागली की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येते : ‘हिच्यात आता दम राहिला नाही.’ मग गाडीच्या वयाचा हिशेब मांडला जातो, नवीन गाडीच्या किमती विचारल्या जातात आणि जुनीचे भवितव्य ठरून जाते. मौज अशी, की ‘दम’ या शब्दात मराठीने दोन अर्थ साठवले आहेत. एक बळ, दुसरा श्वास. इंजिनाविषयी बोलताना आपण पहिला अर्थ घेतो आणि दुसरा विसरतो. यंत्रांच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट मात्र या दुसऱ्या अर्थाभोवतीच घडली आहे. ती फ्रान्समधल्या रेल्वेची आहे. सांगणारा मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. तेव्हा समीकरणांची धास्ती वाचकांनी बाळगू नये.

पॅरिस-ऑर्लेआं रेल्वेने १९०७ साली ‘पॅसिफिक’ जातीची इंजिने रुळांवर आणली. युरोपातली ती या जातीची पहिली. पुढे दोन वर्षांनी १.९५ मीटर व्यासाच्या मोठ्या चाकांची आणखी इंजिने आली. त्या काळी ती उत्तम गणली जात. परंतु पहिल्या महायुद्धानंतर लाकडी डब्यांच्या जागी पोलादी डबे आले, गाड्यांचे वजन वाढले, प्रवाशांना घाई झाली. आणि कालची उत्तम इंजिने आज अपुरी पडू लागली. १९२६ साली पॅरिसपासून व्हिएर्झोंपर्यंत वीज आली. त्यापुढच्या मार्गाचा भार मात्र वाफेवरच राहिला. सुमारे २००० अश्वशक्तीपलीकडे ही इंजिने जाईनात. बॉयलर मोठे, कोळसा भरपूर, माणसे कष्टाळू; मग शक्ती जाते कुठे?

हा प्रश्न आन्द्रे शापलाँ या अभियंत्याने धसास लावला. जन्म १८९२ चा. महायुद्धात तोफखान्यात होता. पदवी हाती आली १९२१ साली, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर. १९२५ साली तो या रेल्वेत लागला. कादंबरीकाराला असा नायक अवघडच. ना प्रेमभंग, ना द्वंद्वयुद्ध. हा गृहस्थ दिवसचे दिवस वाफेचा मागोवा घेत बसायचा.

वाफेच्या इंजिनाचा श्वास कसा चालतो, हे समजायला आजीची फुंकणी पुरे आहे. इंजिनाच्या भट्टीला वारा घालायला निराळा भाता नसतो. दट्ट्या ढकलून झालेली वाफ एका निमुळत्या नळीतून धुराड्यात वर सोडतात; ती जाता जाता भट्टीतला धूर आपल्याबरोबर ओढून नेते आणि त्यामुळे विस्तवात ताजी हवा शिरते. १८२९ सालच्या स्टीव्हनसनच्या ‘रॉकेट’मध्येही हीच युक्ती होती. आता फुंकणीचे तोंड जितके बारीक, तितकी फुंकर जोरदार. पण गालही तितकेच दुखतात. इंजिनाचेही तसेच. विस्तव फुलवण्यासाठी नळी अरुंद करावी, तर वापरलेली वाफ सिलिंडरात तुंबते आणि दट्ट्याला उलटा रेटा देते. म्हणजे पुढे ढकलायचे आणि मागून कोणीतरी धरून ठेवायचे! नळी रुंद करावी, तर विस्तव मंदावतो. शंभर वर्षे लोक या कात्रीत सापडले होते.

ही झाली उच्छ्वासाची कथा. श्वासाची त्याहून वाईट होती. १.९५ मीटरचे चाक ताशी १२० किलोमीटर वेगात सेकंदाला पाचांहून अधिक फेरे घेते. दर फेऱ्याला सिलिंडर दोनदा भरायचा, दोनदा रिता करायचा. एकेका सिलिंडराची सेकंदाला दहा वेळा तरी भरपाई. आणि एवढी वाफ कुठून यायची? बॉयलरपासून सिलिंडरापर्यंतच्या अरुंद, वाकड्यातिकड्या वाटांनी. प्रत्येक वळणाला थोडा दाब हरवायचा. दाब बॉयलरच्या काट्यावर पुरा दिसे. सिलिंडरात पोचेपर्यंत त्यातला बराचसा वाटेतच खर्च झालेला असे. आमच्याकडे सरकारातून निघालेली मदत गावात पोचते ना, तसे.

हे अंदाजाने सांगता येत नाही. त्यासाठी इंजिनाची नाडी पाहावी लागते आणि नाडीपरीक्षेचे यंत्र तेव्हा सव्वाशे वर्षांचे जुने होते. वॉटच्या कारखान्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस एक उपकरण तयार झाले. दट्ट्या पुढेमागे होत असताना सिलिंडरातला दाब एक पेन्सिल कागदावर उमटवत जाते. त्या बंद आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे दट्ट्याने केलेले काम. कित्येक वर्षे हे गुपित त्यांनी बाहेर फुटू दिले नव्हते! सशक्त इंजिनाची आकृती भरदार असते. कोंडलेल्या इंजिनाची वरून झिजते आणि खालून उचलली जाते. जणू दोन्हीकडून कोणी चिमटा काढला आहे. आणखी एक खूण अशी, की हळू चालताना आकृती बरी दिसते, वेग वाढला की रोडावते. रोग हाडांत असता तर तो दोन्ही वेळी दिसला असता.

शापलाँच्या निदानाला तिसरा पदर होता. या इंजिनात वाफ दोनदा वापरीत, आधी लहान सिलिंडरात, मग मोठ्यात. दुसऱ्यात पोचेपर्यंत ती थंडावून तिचे पाणी होऊ लागे. तेव्हा त्याने वाफ अधिक तापवली, सुमारे ४०० अंशांपर्यंत. वाटांचे छेद जवळजवळ दुप्पट रुंद केले. झडपा बदलल्या. धुराड्यासाठी क्युल्याला या फिनलंडच्या अभियंत्याची कल्पना घेऊन तिच्यात भर घातली. वाफेचा एकच झोत न सोडता तो फाटे फोडून सोडायचा, म्हणजे कमी रेट्यात जास्त धूर ओढला जातो. दोघांच्या नावांची अक्षरे जोडून या रचनेला ‘क्युलशाप’ म्हणू लागले. आपल्या नावाआधी दुसऱ्याचे नाव राहू देणारा संशोधक मला तरी विरळा वाटतो.

३५६६ क्रमांकाचे इंजिन तूरच्या कारखान्यात उघडले गेले आणि १९२९ साली नव्या रूपात बाहेर आले. सांगाडा तोच, चाके तीच. शक्ती मात्र ३००० अश्वशक्तीच्या घरात गेली, आणि तेवढ्याच कामाला कोळसा पूर्वीपेक्षा कमी लागू लागला. दीडपट! इतर रेल्वे कंपन्या खडबडून जाग्या झाल्या. नॉर्ड रेल्वेने या पद्धतीने सुधारलेली जुनी इंजिने विकत घेतली आणि पुढे तशीच नवी बांधूनही घेतली. इंग्लंडात ३ जुलै १९३८ रोजी ‘मॅलार्ड’ने ताशी २०३ किलोमीटरांच्या आसपास वेग गाठून वाफेच्या इंजिनांचा विक्रम केला, तेव्हा तिच्या धुराड्यातही दुहेरी क्युलशापच होते.

आजच्या मोटारीत वाफ नाही, तरी हुशार मिस्त्री याच क्रमाने जातो. जुन्या डिझेल गाडीने ओढणे सोडले की तो आधी हवेची गाळणी काढून उन्हात धरतो. मग सायलेन्सर आत काजळीने बुजला आहे का, ते पाहतो. डिझेल पुरेसे येते की नाही, ते तपासतो. एवढे झाल्यावरच दट्ट्यांच्या कड्या झिजल्या का, याचा विचार. घाईचा मिस्त्री उलट्या टोकाने सुरुवात करतो आणि बिल फुगवतो. वर्गातल्या ‘ढ’ पोरांबाबत आम्ही मास्तर लोक कोणत्या टोकाने सुरुवात करतो, तो विषय इथे नको.

शापलाँच्या हातची शेवटची किमया सांगायची राहिली. फ्रान्सच्या सरकारी रेल्वेने १९३२ साली एक अवाढव्य इंजिन बांधले होते. ते इतके फसले की बाजूला टाकून दिले गेले. शापलाँने तेच मागून घेतले, आणि १९४६ साली ते २४२ ए १ या नावाने धावू लागले. त्याची शक्ती ५००० अश्वशक्तीच्या वर गेली. युरोपात वाफेवर असे बळ कोणी पाहिले नव्हते. पण तोवर देशाने विजेचा रस्ता धरला होता. त्याच्यासारखे दुसरे इंजिन बांधले गेले नाही. १९६० साली ते भंगारात काढून तोडण्यात आले. शापलाँ त्यानंतर अठरा वर्षे हयात होते.