बोस्टनची सकाळ, पाबळची संध्याकाळ

इतिहासप्रेमींना पाबळ ठाऊक असते ते मस्तानीच्या समाधीमुळे. २८ एप्रिल १७४० रोजी थोरले बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडी येथे निवर्तले. त्या काळी अशी वार्ता जासूद आणि सांडणीस्वार आणीत. ती पोहोचेपर्यंत मागे राहिलेल्यांसाठी गेलेला माणूस जिवंतच असे. अंतर म्हणजे दिवस, हा त्या युगाचा हिशेब होता.

या धाग्याचा विषय मात्र मस्तानी नाही. त्याच शिरूर तालुक्यातील त्याच पाबळने पुढे अंतराचा हा हिशेब कसा बदलताना पाहिला, आणि सातासमुद्रापलीकडच्या सहकाऱ्यांबरोबर रोजचे काम करण्याचा प्रयोग तेथे कसा रुजला, त्याची ही हकीकत आहे. ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द २०२० मध्ये घरोघर पोहोचला. ही गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे.

आरंभ पुण्यातून करू. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली. तिचे पहिले ग्राहक अमेरिकेत होते आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे काम करणारा माणूसच विमानात बसून ग्राहकाच्या दारी जाई. काम माणसाकडे आणायला तारच नव्हती. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूत स्वतःचा उपग्रह दुवा उभारला, पुढे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले, आणि मग काम माणसाकडे येऊ लागले. पण कोणत्या माणसाकडे? शहरातल्या, इंग्रजी जाणणाऱ्या पदवीधराकडे.

इन्फोसिसने १९८३ मध्ये आपले मुख्यालय बंगळुरूला हलवले. त्याच वर्षी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, पण एकाच वर्षी पुण्याकडून निघालेल्या या दोन वाटा शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

कलबाग अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेऊन परतलेले संशोधक. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि नंतर हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात त्यांनी काम केले. ते सोडून अवर्षणग्रस्त पाबळ त्यांनी निवडले, आणि विद्यार्थी कोण निवडले? शाळेतून गळालेली मुले. हाताने काम करीत शिकायचे आणि ते काम गावाच्या खरोखरीच्या गरजेचे असायचे, ही तेथली पद्धत. वेल्डिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, आहार-आरोग्य, वीज हे सारे एकाच अभ्यासक्रमात. विहिरीसाठी जमिनीखालच्या पाण्याचा अंदाज घेणारे रोधमापक यंत्र तेथे वापरात आले. जीपच्या भागांतून छोटा ट्रॅक्टर बांधला गेला.

हा तपशील सांगण्याचे कारण असे, की २००२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, पाबळला आली तेव्हा तिला रिकामी जागा सापडली नाही. तेथे कार्यशाळा होती, कारागीर हात होते आणि वीस वर्षे साठलेले प्रश्न होते. प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या ‘सेंटर फॉर बिट्स अँड ॲटम्स’ने संगणकाच्या आज्ञेने कापणारी, कोरणारी यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक्सची सामग्री असलेली छोटी प्रयोगशाळा मांडली. तिचे नाव फॅब लॅब; अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक. पुढल्याच वर्षी, २००३ मध्ये, कलबाग गेले.

येथे काम कोणते निघाले ते पाहा. दुधाला भाव मिळतो तो फॅटवर. म्हणजे मोजमाप ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. म्हणून ध्वनिलहरींनी दूध तपासणारे स्वस्त उपकरण करता येईल का, हा एक प्रश्न. दुसरा डिझेल इंजिनाचा. पंप आणि जनरेटर त्याच्यावर चालत. दट्ट्याच्या गतीशी इंधन फवारण्याची वेळ किंचित जरी चुकली तरी डिझेल वाया जाते, आणि गावच्या मिस्त्रीकडे ती वेळ अचूक मोजण्याचे साधन नसे. बोस्टनमध्ये बसून हे प्रश्न कोणाला सुचले नसते. तंत्र तिकडचे, प्रश्न इकडचा, ही वाटणी मला या साऱ्या कथेत सर्वांत महत्त्वाची वाटते. नेहमीच्या ‘आउटसोर्सिंग’मध्ये नेमके उलट असते: प्रश्न ग्राहकाचा आणि हात आपले.

सहकारी मात्र हजारो मैलांवर होते. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. तेव्हाचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, एक साधे छायाचित्र उतरायला चहा होऊन जाई.

पुढे जाळे सुधारले आणि २००९ मध्ये फॅब अकॅडमी सुरू झाली. एमआयटीतील ‘जवळजवळ काहीही कसे बनवावे’ या गाजलेल्या वर्गाचे हे जागतिक रूप. जगभरच्या प्रयोगशाळा पडद्यावर एकत्र येतात, गर्शेनफेल्ड शिकवतात, आणि यंत्रावरचे काम प्रत्येकाने आपापल्या गावी स्थानिक मार्गदर्शकाजवळ करायचे. पाबळही त्यात सामील झाले. वर्ग बुधवारी बोस्टनच्या सकाळी नऊ वाजता. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे तासभर पुढे सरकतात, की पाबळचा वर्ग साडेसहावर येतो. सूर्य तोच, घड्याळ दुसऱ्याचे!

या वर्गाचा एक दंडक इतिहासाच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याचे काम, फसलेल्या प्रयत्नांसकट, आपल्या संकेतस्थळावर लिहून ठेवायचे. दूरचा परीक्षक यंत्राला हात लावू शकत नाही. त्याच्यासमोर लिहिलेलेच उभे असते. दिल्लीतील हिंगणे वकिलांनी पुण्याला बारीकसारीक मजकूर कळवला तो याच कारणाने. ते शनिवारवाड्यातच राहत असते तर बोलून मोकळे झाले असते, आणि हिंगणे दफ्तर आपल्या हाती आले नसते. अंतर कामात अडचण आणते, पण कागद मागे ठेवते.

एक उणीव मात्र झाकून चालणार नाही. फॅब अकॅडमीचे कामकाज इंग्रजीत चालते, आणि ज्यांच्यासाठी आश्रम निघाला ती शाळा सुटलेली मुले मराठीत विचार करतात. त्यामुळे मधे कोणीतरी दुभाषा लागतो: जो बुधवारी पडद्यासमोर बसतो आणि गुरुवारी कार्यशाळेत तीच गोष्ट वेल्डिंग करणाऱ्या मुलाला मराठीत सांगतो. पेशव्यांच्या दरबारात फारसी जाणणाऱ्या पारसनिसाचे जे स्थान होते, तेच याचे. पारसनीस किमान पगारपत्रकात तरी दिसतात. पाबळचा हा दुभाषा संकेतस्थळांवरच्या त्या नोंदींत शोधावा लागेल. त्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत.